दंतवैद्यकांतील बधिरतेची कथा

दांत काढणें हें एके काळीं केवळ बळाचें काम होतें. दोघांनीं रोग्याला धरावें आणि तिसऱ्यानें चिमटा चालवावा! तेव्हां वेदनाहरणाचा ध्यास दंतवैद्यांनीं घ्यावा, यांत नवल नाहीं. १८४४ सालीं अमेरिकेंत हार्टफर्ड येथें होरेस वेल्स या दंतवैद्यानें नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. दोन वर्षांनीं विल्यम मॉर्टन यानें बॉस्टन येथें ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी केला. परंतु एका दाढेसाठीं सबंध माणसाला बेशुद्ध करणें हा उपाय आजाराहून अवघड होता.

१८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यानें कोकेनच्या द्रावणानें डोळा बधिर होतो, असें सिद्ध केलें. त्यानंतर लवकरच न्यूयॉर्कचा शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड व त्याचे सहकारी यांनीं तें द्रावण पिचकारीनें जबड्याच्या मज्जातंतूजवळ सोडलें आणि त्या बाजूचे दांत बधिर झाले. हे प्रयोग त्यांनीं स्वतःच्या देहावरही केले. कोकेनची चटक किती भयंकर, हें तेव्हां पुरतें उमगलें नव्हतें. हॉल्स्टेड व्यसनांत सांपडला. त्यांतून सोडविण्यासाठीं मॉर्फीन दिलें, तर तेंही चिकटलें. रोग्यांनाही धोका होताच. मात्रा अधिक झाली कीं प्राणावर बेते.

म्हणून पुढील संशोधनाचा रोख दोन गोष्टींवर राहिला : औषध सौम्य हवें आणि मात्रा अल्प हवी. १९०३ सालीं जर्मन शस्त्रवैद्य हाइन्रिख ब्राउन यानें द्रावणांत अ‍ॅड्रेनलिन मिसळलें. त्यानें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध जागींच टिकतें आणि थोड्यावरच काम भागतें. १९०४ सालीं आल्फ्रेड आइनहॉर्न यानें प्रोकेन, म्हणजे नोव्होकेन, तयार केलें. त्याची चटक लागत नसे. मात्र कांहींच्या प्रकृतीला तें मानवत नसे. १९४३ सालीं स्वीडनमध्यें निल्स लोफग्रेन यानें लिडोकेन बनविलें आणि त्याचा सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानें तें स्वतःवर टोचून पाहिलें. १९४८ पासून तें विक्रीस आलें. भारतांत लिग्नोकेन या नांवानें परिचित असलेलें औषध तेंच.

औषध सौम्य झालें, तरी मात्रेचा नियम सुटला नाहीं. दोन टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरांत २० मिलिग्रॅम औषध असतें, आणि त्याची कमाल मर्यादा रोग्याच्या वजनावर ठरते; म्हणून वडिलांना सोसणारी मात्रा मुलाला घातक ठरूं शकते. औषध सोडण्यापूर्वीं दट्ट्या किंचित् मागें ओढून, सुई रक्तवाहिनींत तर शिरली नाहीं ना, हें दंतवैद्य पाहतो. हृदयविकार, पूर्वीं एखादें औषध बाधल्याचा अनुभव, चालू असलेलीं औषधें यांची तो विचारपूस करतो, ती कुतूहलापोटीं नव्हे. त्या प्रश्नांचीं खरीं उत्तरें देणें, हा रोग्यानें उचलावयाचा सुरक्षिततेचा वांटा होय.