पंधरा रुपयांचा रेझर: दाढीच्या ‘दांड्या’मागे केवढं डोकं लागतं माहितीये?

रेझरच्या जाहिरातीत सगळं कौतुक ब्लेडचं असतं. तीन पाती, पाच पाती, ती चकाकणारी धार! दांड्याकडे कुणी बघतही नाही. पण ज्या रेझरची कार्ट्रिज बदलता येते, त्यात दाढी गुळगुळीत होणार की हनुवटीला कापणार हे बऱ्याच अंशी दांड्यावरही अवलंबून असतं. या गोष्टीचं फार चांगलं उदाहरण आपल्या भारतातच घडलं आहे.

त्याआधी थोडा इतिहास. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाने 1903 मध्ये पात्याचा सेफ्टी रेझर बाजारात आणला. पहिल्या वर्षी विकले गेले फक्त 51 रेझर आणि 168 पाती. ‘जिलेटने दांडा फुकट वाटला आणि पात्यांवर कमाई केली’ ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. ती खरी नाही. त्याचा रेझर 5 डॉलरचा होता आणि त्या काळात ही रक्कम चांगलीच मोठी होती. दांडे स्वस्त झाले ते 1921 मध्ये मूळ पेटंट संपल्यावर.

त्या जुन्या रेझरमध्ये पातं त्वचेला किती तिरकं लागतं हे दाढी करणाऱ्याच्या हातात असे. साधारण 30 अंशांचा कोन सांभाळायचा, चुकलं की रक्त. 1971 मध्ये जिलेटचा ‘ट्रॅक टू’ आला. त्यात दोन पाती प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये कायमची बसवलेली होती, पण डोकं मात्र ताठच. 1977 च्या ‘अट्रा’मध्ये डोकं मागेपुढे हलू लागलं आणि दांड्याचं काम बदललं. आता हात थोडा वाकडा झाला तरी कार्ट्रिज स्वतःच गालावर सपाट बसते.

मात्र हे हलणं सांभाळणं सोपं नाही. डोकं जागेवर परत आणणारा ताण जास्त झाला, तर ते जबड्याच्या वळणावर वळत नाही. कमी झाला, तर ते लटलटतं. त्यात सांध्याची वेगळीच कटकट. कार्ट्रिज एका दाबात ‘टक्’ करून बसली पाहिजे, बेसिनवर आपटली तरी निघता कामा नये, आणि बदलताना पात्याला बोट न लावता सुटली पाहिजे. हे सगळं साबणाचा फेस आणि केस त्या फटीत जात असताना!

हा सांधा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि बहुतेकदा पेटंट घेतलेला. म्हणूनच एकाची कार्ट्रिज दुसऱ्याच्या दांड्यावर बसत नाही. ग्राहक अडकतो तो इथेच. पेटंट संपलं की मात्र इतर कंपन्याही तसाच सांधा बनवू शकतात. ‘ट्रॅक टू’ आणि ‘अट्रा’च्या दांड्यांवर बसणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या कार्ट्रिज त्यामुळेच मिळतात.

आता भारताची गोष्ट. 2002 मध्ये जिलेटने भारतासाठी ‘व्हेक्टर’ आणला. अडकलेले केस ढकलून काढायला त्यात प्लास्टिकची एक पट्टी होती. चाचणी कुणावर घेतली? अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर! त्यांना रेझर आवडला. भारतात मात्र तक्रारी आल्या. कारण साधं होतं. त्या विद्यार्थ्यांकडे नळाचं वाहतं पाणी होतं आणि इथे असंख्य लोक वाटीभर पाण्यात दाढी करत होते. साचलेल्या पाण्यात बुडवून केस निघेनात, पट्टीचा उपयोग होईना.

पुढे जिलेट पी अँड जी कंपनीकडे गेली आणि यावेळी मंडळी थेट भारतात आली. हजाराहून जास्त लोकांसोबत त्यांनी सुमारे 3,000 तास घालवले. त्यांना काय दिसलं? जमिनीवर बसलेला माणूस, पहाटेचा अंधुक उजेड, एका हातात आरसा, समोर थोडंसं पाणी. म्हणजे त्वचा ताणून धरायला दुसरा हात मोकळाच नाही. अशा माणसाला ‘सगळ्यात गुळगुळीत दाढी’ नको होती, कापलं नाही तरी पुरे होतं.

त्यातून 2010 मध्ये ‘जिलेट गार्ड’ आला. पातं एकच, त्यापुढे त्वचा दाबून धरणारी कंगव्यासारखी पट्टी, आणि केस चटकन धुतले जावेत अशी मोकळी कार्ट्रिज. दांडा हलका आणि पोकळ, म्हणजे प्लास्टिकही कमी. लोक रेझर वेगवेगळ्या प्रकारे धरतात हे दिसल्यामुळे दांड्यावर खडबडीत उठाव दिले, ओला हात घसरू नये म्हणून. तीन पात्यांच्या ‘माक थ्री’ला 25 भाग लागायचे, गार्डला फक्त 4. 2010 मध्ये किंमत होती रेझरची 15 रुपये आणि कार्ट्रिजची 5 रुपये.

जड दांडा म्हणजे भारी रेझर, हा समज इथे उपयोगाचा नाही. जुन्या पात्याच्या रेझरमध्ये वजनाची मदत होते. कार्ट्रिजवर मात्र जोर दिला की त्वचेची आगच होते.

गार्डच्या दांड्याच्या टोकाला एक मोठं भोकही आहे. ते शोभेसाठी नाही, रेझर खिळ्याला अडकवण्यासाठी आहे.