कंटाळवाणी म्हणून वगळलेली सिद्धता

1880 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये चार्ल्स सँडर्स पर्सचा तर्काच्या बीजगणितावरील लेख छापून आला. जॉर्ज बूलने 1847 आणि 1854 च्या पुस्तकांत समीकरणांवर भिस्त ठेवली होती. पर्सने पाया बदलला. ‘अ हा ब मध्ये सामावतो’ हा क्रमसंबंध त्याने आधी घेतला आणि त्यावरून बाकीचे नियम काढत गेला. वितरण नियमापाशी आल्यावर मात्र, सिद्धता सोपी आहे पण फार कंटाळवाणी, म्हणून देत नाही, असे लिहून मोकळा झाला. गणिताच्या पुस्तकांची ही खोड जुनीच!

नियम असा: अ(ब+क) = अब+अक. 30 चे विभाजक घ्या: 1, 2, 3, 5, 6, 10, 15, 30. ‘भाग जातो’ हा इथला क्रम, गुणाकार म्हणजे मसावि, बेरीज म्हणजे लसावि. नियमाची अर्धी बाजू नुसत्या क्रमातून निघते. अब हा अ मध्ये सामावतो आणि ब मध्येही, म्हणून ब+क मध्येही. अर्थात तो अ(ब+क) मध्ये सामावतो. अक चेही तसेच. मग दोघांची बेरीजही त्यातच बसते.

उलट बाजू अडते.

जर्मन गणिती एर्न्स्ट श्रोडरने 1890 मध्ये दाखवून दिले, की ती क्रमाच्या या नियमांतून निघूच शकत नाही. आज पाच घटकांचे उदाहरण पुरते: तळाशी 0, माथ्यावर 1, मध्ये परस्परांशी तुलना न होणारे प, फ, भ. इथे प(फ+भ) म्हणजे प, पण पफ+पभ म्हणजे 0.

पर्सने हार मानली होती. पुढे वगळलेल्या सिद्धतेचे जुने टिपण सापडले, तेव्हा 24 डिसेंबर 1903 च्या पत्रात त्याने हार्वर्डच्या एडवर्ड हंटिंग्टनला खुलासा केला: मूळ लेख इन्फ्लुएंझाने घरात अडकलेला असताना लिहिलेला, त्यामुळे आक्षेप येताच चूक तापातलीच असणार असे वाटले. सिद्धतेला जोर मिळतो तो पूरकाच्या एका गृहीतकाने: अ जर ब च्या पूरकात सामावत नसेल, तर अ आणि ब यांच्यात शून्याहून वेगळे काहीतरी सामाईक असते. वरच्या विभाजकांत 1 हेच शून्य. 6 चा पूरक 30 ÷ 6, म्हणजे 5. 10 ने 5 ला भाग जात नाही, म्हणून 10 आणि 6 मध्ये 2 सामाईक.

म्हणजे श्रोडर बरोबर होता आणि पर्सही फारसा चुकला नव्हता. हंटिंग्टनने ती सिद्धता 1904 च्या आपल्या लेखात पर्सच्या नावानिशी छापली. श्रोडर 1902 मध्येच वारला होता.