भाऊरावांनी न दिलेली साक्ष

परवा डोंबिवलीच्या लोकलमध्ये लेक म्हणाली, "जिने मला ग्रुपमधून काढलं, तिचं नाव कॉपीत घेतलं तर काय बिघडलं?"

मी तिला कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला तयार होईनात, म्हणून अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना बोर्डिंगातून काढलं. (आपल्याच समाजात हे घडलं, लपवायचं कशाला?)

पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासलं गेलं. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. सूड घ्यायची आयती संधी! त्यांनी साक्ष दिली नाही, तुरुंगात हाल सोसले. रयत शिक्षण संस्था काढली ती त्यानंतर, १९१९ साली.

कोपर येईपर्यंत लेक गप्प होती. मग म्हणाली, "मारलं का गं त्यांना?"

"हो," मी म्हटलं.