तरंगवती वाचणं ही विकथा का?



चातुर्मास आला की आमच्या स्वाध्याय मंडळात एक प्रश्न हमखास निघतो. दुपारी ओटा आवरून, जरा आडवं होऊन, एखादी हलकीफुलकी प्रेमकथा वाचली तर ते पाप का? विचारणारी दर वेळी वेगळी असते, प्रश्न तोच. उत्तरही ठरलेलं: "विकथा आहे ती. प्रतिक्रमणात जिची माफी मागायची, तीच परत हातात घ्यायची?" विचारणारी गप्प बसते आणि पुस्तक उशीखाली जातं.

या उत्तरानं माझं समाधान कधी झालं नाही. म्हणून आपल्याच जुन्या आचार्यांनी प्रेमकथांचं काय केलं, याचा जमेल तसा मागोवा घेतला. त्यांनी त्या वाचल्या, ऐकल्या, त्यांची प्रतवारी लावली, आणि पुढे जाऊन स्वतः लिहिल्यासुद्धा.

आधी विकथेचं बघू. स्थानांगसूत्रात विकथा चार सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. भक्तकथा म्हणजे भक्तीची कथा नव्हे बरं का, भक्त म्हणजे भोजन. कुठल्या घरी काय रांधलं, कढी आंबट झाली की गोड, हे सगळं त्यात आलं. (या हिशेबानं माझी निम्मी लेखमाला विकथाच ठरते. पातोडीच्या रश्शाची कृती विचारणाऱ्या तुम्हीही त्यात सामील!) राजकथा म्हणजे राजकारणाच्या गप्पा. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून घरोघरचे पुरुष जे ऐकतात, त्याला मात्र कोणी विकथा म्हणत नाही. प्रेमकथेचं पुस्तक तेवढं उशीखाली.

विकथेचा सगळा रोख रिकाम्या, भरकटवणाऱ्या बोलण्यावर आहे. रचलेल्या कथेचा विचार ग्रंथकारांनी वेगळा केलाय. दशवैकालिकाच्या निर्युक्तीत कथेचे चार प्रकार आहेत: अर्थकथा, कामकथा, धर्मकथा आणि या तिघींची सरमिसळ ती मिश्रकथा. म्हणजे कामकथेला कथांच्या घरात स्वतःची खोली आहे, ती दाराबाहेर उभी नाही. निशीथचूर्णी तर त्या खोलीतही दोन कप्पे करते. एक लौकिक कामकथा, उदाहरण नरवाहनदत्ताची. दुसरी लोकोत्तर कामकथा, आणि तिथे नावं येतात तरंगवती, मलयवती, मगधसेना यांची. साधूंच्या आचाराचे नियम समजावणारा हा ग्रंथ, आणि त्यात प्रेमकथांची नावं घेऊन त्यांची जागा लावलेली! आज आपण पुस्तकाला पाचपैकी तारे देतो, त्याच जातीचं हे काम.

आचार्यांना प्रेमकथा लिहाव्याशा का वाटल्या, याचं उत्तर धर्मसेन गणींनी 'वसुदेवहिंडी'च्या मध्यम खंडात मोकळेपणानं दिलंय. लोकांचे कान नल आणि नरवाहनदत्त यांच्या प्रेमकथांकडे लागलेले. धर्म ऐकायला कोणी तयार नाही. पित्तानं तोंड कडू झालेल्याला गूळसाखरही कडूच लागते. मग वैद्य काय करतो, तर रोग्याला आवडतं ते पेय पुढे करून त्याच्या मिषानं आपलं औषध पोटात घालतो. तसा मी शृंगारकथेच्या मिषानं धर्म सांगतो, असं ते म्हणतात. मुलांना मधातून कडू मात्रा चाटवलेल्या कुठल्याही आईला ही युक्ती नवी नाही. वसुदेवहिंडीचा नायक श्रीकृष्णांचे वडील वसुदेव. ते घर सोडून देशोदेशी हिंडतात आणि गावोगावी लग्नं करतात. खरं सांगू? दहाव्या विवाहानंतर मला कोण कुठली ते लक्षात राहत नाही. औषधापेक्षा मधच जास्त झालाय. माझ्याकडून तीन तारे.

तरंगवतीचं तसं नाही.

ही कथा पादलिप्तसूरींची, महाराष्ट्री प्राकृतातली, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. परंपरा त्यांचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन दरबाराशी जोडते. अनुयोगद्वारसूत्रात 'तरंगवतीकार' हा शब्दच उदाहरण म्हणून आलाय, इतकी ही कथा तेव्हा सर्वांना ठाऊक होती.

कथा सांगते एक साध्वी. राजगृहात ती गोचरीला एका श्रीमंत घरी जाते. घरची शेठाणी तिचं रूप बघून थक्क होते आणि न राहवून विचारते, की असं रूप असताना तुम्ही हा मार्ग का घेतला? आपण कधी महाराजसाहेबांना, माताजींना असं विचारू? जीभच रेटणार नाही. साध्वी मात्र रागावत नाही. ती आपली सगळी प्रेमकहाणी सांगते, पहिल्यापासून, पुढ्यात बसलेल्या बायकांना. एका साधूनं लिहिलेल्या कथेत एक साध्वी 'मी' म्हणून आपल्या प्रेमाबद्दल बोलते, आणि त्यात कुठे लाज नाही की पश्चात्तापाचं रडगाणं नाही. मला या ग्रंथातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

ती कौशांबीच्या ऋषभसेन शेठची लेक, तरंगवती. हुशार किती, तर सातविणीच्या पांढऱ्या फुलावर पिवळी झाक कशी आली, हे ती घरबसल्या ओळखते. जवळ कमळांचं तळं असणार आणि भुंग्यांनी तिथले पराग आणले असणार! ते झाड बघायला सगळ्या जातात, तिथे तळ्यावर चक्रवाक पक्ष्यांची जोडी दिसते आणि तिची शुद्ध हरपते. तिला मागचा जन्म आठवतो. ती गंगेकाठची चक्रवाकी होती. एका पारध्यानं हत्तीवर सोडलेला बाण तिच्या जोडीदाराला लागला. पारध्याला फार वाईट वाटलं, त्यानं मेलेल्या पक्ष्याला अग्नी दिला, आणि चक्रवाकीनं त्या चितेत उडी घेतली.

आता त्या जोडीदाराला शोधायचं कसं? ती रडत बसत नाही. चित्रं काढते. मागच्या जन्माची सगळी गोष्ट पटावर रंगवते, कौमुदी उत्सवाच्या रात्री तो पट रस्त्यावर सर्वांना दिसेल असा मांडायला लावते आणि सखी सारसिकेला तिथे बसवते. गर्दी येते, बघते, वाहवा करते आणि पुढे जाते. एक तरुण मात्र चित्र बघता बघता भोवळ येऊन पडतो. तो पद्मदेव. सारसिका धावत येऊन बातमी सांगते, ते पान मी तीनदा वाचलं.

पुढे त्याच्याकडून मागणी येते आणि वडील नाही म्हणतात. कारण अगदी घरगुती आहे. मुलगा सार्थवाहाचा, कायम तांड्याबरोबर परदेशी. माझी लेक जन्मभर वाट बघत बसेल. बापाचं काय चुकलं, सांगा! मग रात्री ती स्वतः सारसिकेला घेऊन त्याच्या घरी जाते आणि दोघं होडीतून पळतात. दागिने आणायला परत पाठवलेली सारसिका मागेच राहते. (इथे अर्धा तारा कापला. सखीला असं टाकून जातात का?) वाटेत चोर पकडतात, देवीपुढे बळी द्यायचं ठरवतात. तरंगवती रडता रडता आपली कहाणी बोलते, पहाऱ्यावरचा चोर ती ऐकतो आणि दोघांना सोडून देतो. घरी परतून थाटात लग्न होतं. पुढे एके दिवशी एक मुनी भेटतात. ते म्हणजे तोच चोर, आणि मागच्या जन्मीचा तोच पारधी. त्यांचं सगळं ऐकून दोघं दीक्षा घेतात. एवढा योगायोग दुसऱ्या कादंबरीत असता तर मी तारा कापला असता, पण कर्मसिद्धांत मानणाऱ्या बाईनं योगायोगाला नावं कशी ठेवायची?

साडेचार तारे.

पादलिप्तांचा मूळ ग्रंथ आज नाही. उरलाय तो 'तरंगलोला' हा संक्षेप, सुमारे १,६४० गाथांचा, नेमिचंद्र गणींच्या नावावर असलेला. संक्षेप का केला, याचं कारण त्यातच दिलंय: मूळ कथा फार लांबलचक, अवघड, देशी शब्दांनी भरलेली, त्यामुळे लोक ती ऐकेनासे झाले. म्हणजे वाचकांना रस राहावा म्हणून पुस्तक सोपं नि छोटं केलं. म्हणून तर ते आपल्यापर्यंत पोचलं. अर्न्स्ट लॉयमान या जर्मन पंडितानं १९२१ साली त्याचं भाषांतर केलं, त्याला नाव दिलं 'साध्वी' या अर्थाचं. त्या जर्मनवरून गुजराती झालं, आणि १९७९ मध्ये हरिवल्लभ भायाणींनी मूळ प्राकृत गाथा गुजराती अनुवादासह संपादित केल्या.

प्रतवारीची दुसरी पद्धत मला जास्त कामाची वाटते. ती दिगंबर-श्वेतांबर दोन्हीकडे आहे: आक्षेपणी, विक्षेपणी, संवेजनी, निर्वेदनी. यांचे शास्त्रीय अर्थ खोल आहेत, पण उद्योतनसूरींनी इ.स. ७७९ मध्ये जालोरला पूर्ण केलेल्या 'कुवलयमाला'त ते कथाकाराच्या अंगानं उलगडलेत. आक्षेपणी म्हणजे मनाला रुचणारी, विक्षेपणी मनाच्या उलट जाणारी, तिसरी ज्ञान जागवणारी, चौथी वैराग्य आणणारी. चारही धर्मकथेचेच प्रकार, आणि पहिला मान रुचण्याला! हेच उद्योतनसूरी चांगल्या कथेला नव्या नवरीची उपमा देतात. सजलेली, गोड बोलणारी, बघणाऱ्याला सुखावणारी. कुवलयमालेतल्या बाजारात देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात, आणि मरहट्ट्याच्या तोंडी 'दिलं, घेतलं' अशा अर्थाचे शब्द आहेत. आपली मराठी इतक्या जुन्या प्रेमकथेच्या बाजारात सौदा करताना सापडते, याचा मला कोण आनंद झाला!

कुवलयमालेची संशोधित प्रत सिद्ध केली ती आपल्या आ. ने. उपाध्ये यांनी. सदलग्याचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक. आणि गंमत बघा, त्याच कॉलेजात त्याच काळात ना. सी. फडके शिकवत होते, 'जादूगार' आणि 'दौलत'वाले. एका खोलीत जुन्या प्राकृत कथांचे पाठभेद लावणं चाललेलं, दुसऱ्या खोलीत ज्यांच्या कादंबऱ्यांसाठी गावोगावच्या वाचनालयांत नंबर लागायचे ते गुरुजी. फडके म्हणायचे कला आनंदासाठी, खांडेकर म्हणायचे जीवनासाठी, आणि सारा महाराष्ट्र त्यावर भांडला. धर्मसेन गणींना विचारलं असतं तर त्यांनी औषधाची वाटी नि मधाची बाटली दोन्ही पुढे ठेवली असती.

पुढे असा निवाडा कोर्टातही झाला. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला चालला. उच्च न्यायालयानं दोषी धरलं, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. न्यायमूर्तींनी कथा वाचली आणि बघितलं हे, की ती ज्यांच्या हाती पडेल त्यांच्या मनाचं काय होईल. त्यांनी जे तपासलं, ते आपल्या आचार्यांच्या चार शब्दांपासून फार लांब नाही.

मी वाचनाच्या वहीत आता ताऱ्यांशेजारी एक अक्षर लिहिते, आ, वि, सं किंवा नि. हलक्या प्रेमकथांपुढे बहुतेक वेळा नुसतं 'आ' येतं. कधी एखादीपुढे 'सं' लिहावं लागतं, आणि ती नावाजलेल्या लेखकाचीच असते असं नाही. काहींपुढे काहीच लिहिता येत नाही. त्या दुपारबरोबर संपतात, त्यांना दीड तारा.

आणि ती राजगृहाची शेठाणी? एवढी कथा ऐकून तिनं दीक्षा घेतली नाही. एवढं अवघड आम्हाला जमायचं नाही, घरात राहून काय करता येईल ते सांगा, असं ती साध्वीला म्हणाली आणि तिनं श्राविकेची व्रतं घेतली.