टीव्ही गेम : आठ बिटांच्या खेळांचे पुनर्मूल्यांकन

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्रातील शहरी घरांत ‘टीव्ही गेम’ किंवा नुसतेच ‘व्हिडिओ गेम’ या नावाने जे यंत्र नांदले, ते मुळात जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ऊर्फ ‘फॅमिकॉम’ची नक्कल होते. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. अमेरिकेत १९८५ पासून तो ‘निन्टेंडो एन्टरटेनमेंट सिस्टिम’ या नावाने मिळू लागला आणि जगभरात दोन्ही मिळून सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे खपली. या आकड्यात नाशिकच्या मेन रोडवर किंवा रविवार कारंजा परिसरात दिवाळीच्या तोंडावर विकल्या गेलेल्या यंत्रांचा समावेश नाही. ती कोणी बनवली याची नोंद निन्टेंडोकडे असण्याचे कारणही नव्हते.

भारतात ‘सामुराई’ या नावाने निन्टेंडोचे यंत्र विकले गेले खरे. पण मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या त्या तैवान आणि चीनमधून आलेल्या स्वस्त प्रतिकृती. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉममधील मुख्य चिपांच्या प्रती तयार केल्या होत्या. पुढे तर अख्खे यंत्र एकाच चिपमध्ये मावू लागले आणि ती चिप डांबरासारख्या काळ्या ठिपक्याखाली झाकलेली असे. रशियात अशीच प्रतिकृती १९९२ पासून ‘डेंडी’ या नावाने गाजली, तर पोलंडमध्ये ‘पेगासस’ या नावाने. आपल्याकडे मात्र एकच एक नाव रूढ झाले नाही. खोक्यावर कधी एक नाव असे, कधी दुसरे, आणि यंत्राचे बाह्यरूप अनेकदा पुढच्या पिढीच्या प्लेस्टेशनसारखे. आत आठ बिटांचेच काम चाले.

या खेळांविषयी आज बोलले जाते ते बहुधा हळवेपणाने. वास्तविक त्यांतील काही खेळ उत्तम होते, काही सुमार होते, आणि कोणते आपल्यापर्यंत पोहोचले हे गुणवत्तेवर नव्हे, तर ‘कॅसेट’च्या किमतीवर ठरले होते.

कॅसेटची निवड

मूळ यंत्राच्या प्रोसेसरचा वेग जेमतेम १.७९ मेगाहर्ट्‌झ आणि काम करण्यासाठीची स्मृती २ किलोबाइट. पडद्यावर २५६ बाय २४० बिंदूंचे चित्र उमटे. हलत्या आकृती एका वेळी जास्तीत जास्त ६४, आणि त्यांतही एका आडव्या रेषेत आठच. नववी आकृती त्या रेषेत आली की ती दिसेनाशी होई. म्हणून खेळ तयार करणारे आकृत्या आळीपाळीने दाखवत. गर्दीच्या प्रसंगी पडद्यावर जी लुकलुक दिसे ती यामुळे. टीव्ही बिघडला असे समजून अनेक घरांत त्याला थापा मारल्या गेल्या असतील.

सुरुवातीच्या काळातील खेळ २४ किंवा ४० किलोबाइटमध्ये बसत आणि त्यांच्या कॅसेटला स्मृतीखेरीज दुसरी कोणतीही चिप लागत नसे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा या मर्यादेतला सर्वांत महत्त्वाकांक्षी खेळ : ३२ टप्पे आणि एकूण ४० किलोबाइट. त्यानंतर खेळ मोठे झाले, तसे स्मृतीचे वेगवेगळे कप्पे आळीपाळीने यंत्रापुढे ठेवणाऱ्या जादा चिपा कॅसेटमध्ये घालाव्या लागल्या. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’च्या अमेरिकी आवृत्तीत (१९८७) तर खेळाची प्रगती जतन करण्यासाठी छोटी बॅटरीही होती. प्रतिकृतींच्या व्यापाऱ्याला हा खर्च नको होता. एका कॅसेटमध्ये अनेक छोटे खेळ भरणे त्याला अधिक फायद्याचे होते.

त्यामुळे नाशिकमध्ये काय, नागपुरात काय, मुलांनी खेळले ते प्रामुख्याने १९८४ ते १९८६ या काळातले लहान खेळ : ‘एक्साइटबाइक’, ‘रोड फायटर’, ‘आइस क्लायंबर’, ‘बाँबरमॅन’, ‘सर्कस चार्ली’, ‘बॅटल सिटी’. झेल्डा किंवा ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारखे कथाप्रधान खेळ जवळजवळ अपरिचित राहिले. त्यात भाषेचाही भाग होता. कथेचा खेळ खेळायचा तर जपानी किंवा इंग्रजी वाचावे लागे. रणगाडा चालवायला ‘स्टार्ट’ आणि ‘गेम ओव्हर’ एवढे पुरे होते. मराठी माध्यमातल्या मुलाला या यंत्रापुढे कधी कमीपणा वाटला नाही, हे या सक्तीच्या निवडीतले एक चांगले फलित म्हणावे लागेल.

‘९९,९९,९९९ इन १’ अशी जाहिरात करणारी कॅसेट हा मात्र निखळ फसवणुकीचा प्रकार. प्रत्यक्षात खेळ मोजके. यादीतील पुढची नावे म्हणजे त्याच खेळांची निरनिराळ्या टप्प्यांपासूनची सुरुवात. शिवाय मुखपृष्ठावरील कंपनीचे नाव आणि सालही पुसलेले असे. नामको, कोनामी, हडसन ही नावे एका अख्ख्या पिढीला ठाऊक झाली नाहीत. चित्रपट पाहावा आणि दिग्दर्शकाचे नावच कापलेले असावे, तसे हे झाले. ‘बॅटल सिटी’ आपल्याकडे ‘टँक’ या नावाने ओळखला जातो तो यामुळेच.

आज खेळून पाहिले तर

काळाच्या कसोटीवर निर्विवाद उतरतो तो मारिओ. पहिल्या टप्प्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. एका शब्दाची सूचना न देता खेळ सारे शिकवतो. नायक पडद्याच्या डाव्या बाजूला उभा आणि उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचे कुठे हे उघड आहे. थोड्याच अंतरावर पहिला शत्रू समोरून येतो. उडी न मारल्यास जीव जातो, पण गमावलेले काहीच नसते. धावताना अंगात येणारी गती आणि थांबताना होणारी किंचित घसरण यांमुळे उडी ही गोष्टच आनंददायक होते. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी काटकसरही अशी केली की ढग आणि झुडपे यांचा आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा. हे कळल्यावरही खेळाची मजा कमी होत नाही.

नामकोचा ‘बॅटल सिटी’ (१९८५) मात्र जितका मान मिळायला हवा तितका कधीच मिळवू शकला नाही. टप्पे ३५, प्रत्येक टप्प्यात शत्रूचे २० रणगाडे आणि मध्यभागी तळाशी राखायचा गरुड. दोघांनी एकत्र खेळताना एक गडी पुढे गेला तर दुसऱ्याने मागे थांबायचे, हे आपोआप ठरते. आणि सोबत्याची गोळी लागली तर आपला रणगाडा काही काळ जागीच खिळतो, त्यावरून होणारी भांडणे वेगळी. एकच टीव्ही आणि दोन भावंडे असलेल्या सिडकोतल्या घराला याहून सोयीचा खेळ नव्हता. स्वतःचे मैदान रचण्याची सोयही त्यात होती. यंत्र बंद केले की रचना नाहीशी होई. महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झाले त्या २००५ नंतरच्या वर्षांत तर ती संध्याकाळभरही टिकण्याची खात्री नसे.

‘कॉन्ट्रा’चा लौकिक मात्र तपासून घ्यावा असा आहे. कोनामीचा हा खेळ मुळात १९८७ चा. घरगुती यंत्रावर तो १९८८ मध्ये आला. संगीत जोरकस, दोघांच्या खेळाला वेग. पण आठच टप्पे, आणि कौशल्यापेक्षा पाठांतर अधिक. शत्रू कुठून येणार हे लक्षात राहिले की अर्ध्या तासात खेळ संपतो. वर, खाली, डावे, उजवे अशा ठरावीक क्रमाने मिळणारे ३० जीव हीच ज्या खेळाची सर्वाधिक सांगितली जाणारी आठवण असावी, त्याचा तोल मुळातच थोडा बिघडलेला होता, असे म्हणता येईल. ‘अॅडव्हेंचर आयलंड’ (१९८६) तर सरळ निर्दय आहे. एक स्पर्श आणि मृत्यू. पहिल्याच टप्प्याच्या शेवटी लपलेली मधमाशी सापडली नसेल, तर सारे जीव संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. खेळ लांबवण्याचा तो सोपा उपाय होता.

‘डक हंट’ची (१९८४) गोष्ट निराळी. बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन झळकतो; बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच हे साधते. सपाट पडद्यावर बंदूक निरुपयोगी ठरते आणि बंदुकीविना या खेळात फारसे काही उरत नाही.

वेगाचा घोळ

एक तांत्रिक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. जपान-अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. भारतातील ‘पाल’ पद्धत ५० वेळा. हे खेळ चित्राच्या तालावर चालत असल्याने पाल पद्धतीसाठी बनवलेल्या प्रतिकृतींवर ते सुमारे एक षष्ठांशाने संथ होत. कोजी कोंदो यांनी मारिओसाठी केलेले संगीतही इथे मूळ लयीहून सावकाश वाजले. खेळ त्यामुळे थोडे सोपेही झाले.

निन्टेंडोने फॅमिकॉमचे उत्पादन जपानमध्ये २००३ साली थांबवले. २०१६ मध्ये कंपनीने ३० खेळांचे छोटे स्मरणयंत्र काढले. ते मूळ वेगाने चालते आणि लहानपणी आपल्याकडे हे खेळ खेळलेल्यांना किंचित घाईचे वाटते. संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या काही प्रणालींत, उदाहरणार्थ ‘एफसीईयूएक्स’मध्ये, एक वेगळा पर्याय आहे. तो निवडला की खेळ पुन्हा जुन्या, ओळखीच्या संथ चालीने चालू लागतो. पर्यायाचे नाव अर्थातच रशियन प्रतिकृतीचे आहे : ‘डेंडी’.