कल्हई
तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा पातळ मुलामा देण्याची क्रिया. हा शब्द कथिल या अर्थाच्या अरबी ‘कलई’वरून आला असून त्याचा संबंध मलायातील कलाह या प्राचीन बंदराशी जोडण्यात येतो. रोमन लेखक प्लिनी (पहिले शतक) यांनीही अशा मुलाम्याने जंगाल धरत नाही, असे नमूद केले आहे.

चिंच, आमसूल व ताक यांतील विरल अम्लांवाचून कोकणातील स्वयंपाक होत नाही. अशी आमटी कल्हई गेलेल्या पातेल्यात राहिली, तर ‘कळकते’. तिला हिरवट छटा व मळमळ आणणारी चव येते. हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये अम्लात विरघळताना ज्वालाग्राही हवा (हायड्रोजन) देणारे धातू म्हणून जस्त, लोखंड व कथिल यांचीच गणना केली. तांबे त्यांत नव्हते. तांब्याला विरल अम्लातून हायड्रोजन मुक्त करता येत नाही. मात्र हवेतील ऑक्सिजनाने त्याचे ऑक्सिडीभवन होते व ते ऑक्साइड अम्लात विरघळून विषारी लवणे बनतात. म्हणूनच पदार्थ उकळताना कमी व उतरवून ठेवल्यावर अधिक कळकतो. उलट कथिल तांब्यापेक्षा क्रियाशील असूनही खाद्यपदार्थांतील अम्लांशी त्याची विक्रिया फार मंद असते.

महाराष्ट्रात कथिलाच्या खाणी नाहीत. ते समुद्रमार्गे येई. लोहमार्ग १८६३ मध्ये बोरघाट चढून जाईपर्यंत मुंबईहून देशावर जाणारा बराच माल पडावांनी पनवेल बंदरात उतरे व तेथून बैलगाड्यांनी घाट चढे.

कल्हईवाला भांडे भात्याच्या भट्टीवर तापवून त्यात नवसागर टाकतो. त्याच्या विघटनाने निघणारा हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडाचा थर काढून टाकतो. ज्या अम्लापासून भांडे राखावयाचे, त्याच्याच जातीचे साहाय्य येथे घ्यावे लागते. मग २३२° से.ला वितळणारे कथिल कापसाच्या बोळ्याने पसरतात. महाग कथिलात शिसे मिसळण्याची लबाडीही होत असे. कळकलेली आमटी चवीने तरी सावध करते. शिसे तसे करीत नाही आणि शरीरात साठत जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियम व अगंज पोलादाची भांडी रूढ झाली. अगंज पोलादावरील क्रोमियम ऑक्साइडाचा पापुद्रा खरवडला, तरी हवेत आपोआप पुन्हा तयार होतो. कल्हई मात्र झिजली की पुन्हा करावीच लागते.