अळंबे आणि त्याचे झाड

मंडळी, पावसाळा आला की आपल्याकडे अळंब्यांच्या गप्पा सुरू होतात. कुणाला वारुळाजवळ किती मिळाली, भाजी कशी झाली... आज मात्र मी भाजीच्या नाही, औषधाच्या अळंब्याबद्दल लिहिते आहे. त्याचे नाव ॲगॅरिकॉन.

इ.स. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीज नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याच्या औषधीग्रंथाच्या तिसऱ्या भागाची सुरुवातच ॲगॅरिकॉनपासून होते. तो सांगतो की काही लोक याला मूळ म्हणतात, तर काही म्हणतात, हे कुजक्या खोडांवर उगवते. सार्मेशियातल्या अगारियात ते होते, असे सांगून तो पुढे लिहितो की गलाशिया आणि किलिकियातही 'केद्रोस' झाडांवर ते येते, पण ठिसूळ आणि कमी गुणाचे. गंमत म्हणजे हा वैद्य स्वतः किलिकियाचा! आपल्या मुलखातला माल म्हणून त्याने त्याची भलामण केली नाही. अळंबे तेच, पण झाड आणि रान बदलले की गुण बदलतो, हे त्याने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले.

हे अळंबे मुख्यतः लार्च या सूचिपर्णी झाडावर वाढते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे डग्लस फरसारख्या झाडांवरही सापडते. बुरशी खोडाच्या गाभ्यात शिरते आणि वर्षानुवर्षे लाकूड खात राहते. बाहेर दिसते ते तिचे फळ. आपल्या छत्र्यांसारखे दोन दिवसांत ते मान टाकत नाही, थरावर थर चढवत कित्येक दशके टिकते. म्हणजे त्याला भरपूर गाभा असलेले म्हातारे झाड हवे. काल लावलेल्या रोपांची कितीही दाट रांग असली, तरी तिथे त्याचे भागत नाही.

एकोणिसाव्या शतकात क्षयाच्या रोग्यांना रात्री दरदरून घाम येई. तो थांबवायला या अळंब्यापासून काढलेले ॲगॅरिसिन देत. क्षय त्याने बरा होत नसे. त्यावरचे पहिले खरे प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली मिळाले, आणि तेही मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून!

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आदिवासींत वैद्य-मांत्रिकांच्या थडग्यांवर राखणदार म्हणून कोरलेल्या मूर्ती असत. संग्रहालयांत त्या लाकडी समजल्या जात होत्या. त्या याच अळंब्याच्या आहेत, हे १९९२ साली संशोधकांनी दाखवून दिले.

असे हे मानाचे अळंबे. पण जुनी जंगले तुटली, उरलेल्या झाडांवरून लोकांनी ते ओरबाडून नेले, आणि २०१९ साली जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी झाली.

आता आपल्या घरची गोष्ट. कोकणात फणसाच्या खोडावर येणारा फणसोंबा माहेरवाशिणींना ठाऊक असेलच. तान्ह्या मुलाची लाळ फार गळू लागली, तोंड आले की सासूबाई तो सहाणेवर उगाळून चाटवत असत. बटव्यातला तो काळपट तुकडा परसातल्या जुन्या फणसाचा होता. (कुणी वाचून लगेच प्रयोग करू नका. जाणकार वैद्याला दाखवल्याशिवाय कुठलेच अळंबे तोंडात घालू नये.)

त्या फणसाला लाकूडवाल्याने चांगला भाव सांगितला आहे. विकावा असे धाकट्या भाऊजींचे म्हणणे, आणि त्यांची अडचण खोटी नाही. मुले म्हणतात, "त्याच्या जागी दोन कलमे लावू." लावा जरूर. कलमांना चार-पाच वर्षांत फणस धरतील, पण त्यांच्या खोडाला ते वय यायला आपल्या नातवंडांचीही उमर जाईल. भाऊजी, हे पान तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे. लाकूडवाल्याला होकार देण्यापूर्वी एकदा फोन करा.